सुळ्यातला मेंढपाळ

वाईहून मेणवलीला गेलो की नाना फडणीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट लागतो. घाटावर मेणेश्वराचे देऊळ आहे आणि शेजारच्या छोट्या दगडी घंटाघरात एक प्रचंड पंचधातूची घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहिले तर तिच्या अंगावर मूल घेतलेली एक बाई दिसते आणि १७०७ हा आकडा. बाई म्हणजे मेरी, मूल म्हणजे येशू. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात गेली, एक भीमाशंकरला, एक इथे मेणवलीला. सातारा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाने ख्रिस्ती कलेची पहिली वस्तू पाहिलेली असते ती बहुधा हीच.

ही घंटा विजयाची खूण. ती घडवली दुसऱ्यांनी, आपल्या माणसांनी वाहून आणली आणि टांगली. पण ख्रिस्ती कलेचे एक दालन असे आहे की जे आपल्याच मातीतल्या कारागिरांच्या हातून घडले, आणि त्याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठाच्या इमारतीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तिथे आणि लिस्बन-लंडनच्या संग्रहालयांतून हस्तिदंताच्या मूर्ती आहेत: वीतभर उंचीचा बाळ येशू, क्रुसावरचा येशू, मेरी, संत, आणि डोळे मिटून बसलेला एक लहानगा मेंढपाळ. सोळाव्या ते अठराव्या शतकांत त्या गोव्यात घडल्या. त्यांच्यावर कारागिराचे नाव सहसा नसते. ज्यांनी त्या घडवल्या त्यांच्यातल्या अनेकांना तर ते काम करायला राजाची आणि चर्चची मनाई होती. ही मनाई कशी आली, कशी मोडली आणि मोडताना काय निर्माण झाले, तो सारा प्रवास सांगण्यासारखा आहे.

त्याची सुरुवात गोव्याच्या पुष्कळ आधी होते. मराठवाड्यात तेरला आणि भोकरदनला सातवाहनकाळातल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडल्या आहेत. हातभार दागिने, जड कंबरपट्टा, दोन्ही बाजूंना छोट्या दासी अशी त्यांच्याच गोतातली एक मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पाँपेईच्या राखेतून निघाली. व्हेसुव्हियसचा उद्रेक इ. स. ७९ चा, म्हणजे त्याआधीच ती समुद्र ओलांडून रोमन माणसाच्या घरात पोचली होती. सांचीच्या दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या दंतकारांनी हे कोरीवकाम केल्याचा लेखच आहे. हस्तिदंतावर सराव झालेला हात दगडावर गेला की काय होते, ते त्या तोरणाच्या बारकाव्यात दिसते.

कला आपली होती, पण माल हळूहळू बाहेरून येऊ लागला. आपल्याकडच्या हत्तिणीला बाहेर दिसणारे सुळे नसतात आणि नराचेही सुळे आफ्रिकी हत्तीच्या मानाने लहान. आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही मोठे सुळे येतात. इ. स. ९१६ च्या सुमारास मसूदी हा अरब प्रवासी आपल्या चौलला येऊन गेला. पूर्व आफ्रिकेचे सुळे ओमानवरून हिंदुस्थानात आणि चीनकडे जातात, आणि हिंदुस्थानात त्यांच्या कट्यारींच्या मुठी आणि बुद्धिबळाच्या सोंगट्या होतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे पोर्तुगीज येण्याआधी जवळजवळ सहाशे वर्षे आफ्रिकेचा सुळा कोकणच्या बंदरात उतरत होता. पोर्तुगीजांनी ही वाट शोधली नाही. चालत्या वाटेवर त्यांनी चौकी बसवली.

याच काळात पश्चिमेकडे हस्तिदंत ख्रिस्ती देवघरातली मानाची वस्तू झाला होता. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये कोरक्यांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि राजघराण्यातल्या बायका घरच्या प्रार्थनेसाठी हस्तिदंती मेरी मागवू लागल्या. त्या मूर्ती पाहताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. मेरी कमरेत किंचित कलून उभी असते, मूल कडेवर घेतलेल्या कुठल्याही आईसारखी. हा डौल शिल्पकाराच्या मनातला आहेच, पण सुळ्याच्या बाकाने त्याला हात दिलेला आहे. सुळा जसा वळतो तशी आई वळते. पॅरिसची ही भरभराट शंभर-सव्वाशे वर्षे टिकली. चौदाव्या शतकाच्या शेवटी ती ओसरली.

पुढच्या शतकात पोर्तुगीज गलबते आफ्रिकेचा किनारा उतरत निघाली. सिएरा लिओनच्या कारागिरांकडून त्यांनी मिठाच्या कुप्या, चमचे, चर्चच्या डब्या कोरून घेतल्या. युरोपचा नमुना आणि परक्या मुलखातला हात हा व्यवहार तिथेच सुरू झाला. १५०५ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सोफाळ्याला त्यांचा किल्ला झाला आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा कायमचा घेतला. आता सुळा निघायचा ते बंदर आणि तो उतरायचा ते बंदर दोन्ही एकाच सत्तेखाली आली. सिंहलद्वीपातल्या कोट्टेच्या राजाने १५४० च्या आसपास लिस्बनला एक हस्तिदंती पेटी भेट पाठवली. आपल्या नातवाच्या वारसाहक्काला पोर्तुगालच्या राजाने मान्यता द्यावी, यासाठी ती होती. पोर्तुगालचा राजा त्या नातवाच्या प्रतिमेला मुकुट घालतो आहे, हे दृश्यच पेटीवर कोरलेले आहे. ती पेटी आज म्युनिकला आहे. पूर्वेकडच्या कोरक्याचा हात काय करू शकतो, हे तेव्हा लिस्बनच्या दरबाराने डोळ्यांनी पाहिले.

गोव्यात मात्र त्याच वेळी दुसरे काही चालले होते. १५४० पासून तिसवाडी बेटावरची देवळे पाडायला सुरुवात झाली. १५४२ च्या मे महिन्यात धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला आणि जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे काम सुरू झाले. १५६० मध्ये धर्मन्यायालय आले. सासष्टीतल्या लोकांनी देव उचलले आणि आदिलशाही मुलखात, अंत्रूजमध्ये नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. देव जिकडे गेले तिकडे देवांच्या मूर्ती घडवणारी, रथ कोरणारी, दागिने घडवणारी घरेही गेली असणार. काही जण मागे राहिले, काहींनी पाण्याचा संस्कार घेतला, काही जण नदीपलीकडे राहून कामापुरते इकडे येऊ लागले.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य तेव्हा गोव्यात राहत असे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याची वैद्यकीची ये-जा होती. त्याचा औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला आणि त्यात हस्तिदंतावर एक प्रकरण आहे. इथे दरवर्षी एवढा हस्तिदंत खपतो कसा, याचे त्याला कोडे पडले होते. त्याचे उत्तर त्याला बायकांच्या हातात सापडले. घरातले माणूस गेले की बायका हस्तिदंती बांगड्या फोडतात आणि पुढे नव्या कराव्या लागतात. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. पोर्तुगीजांच्या संतमूर्ती घडण्याआधी आणि घडत असतानाही हा माल आपल्या चुड्यांसाठी येत होता, त्याला कापणारे आणि कातणारे हात आधीच तयार होते.

याच हातांची राजाला धास्ती होती. १५४६ मध्ये पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याने गोव्याच्या कारभाऱ्याला लिहिले की हिंदू चितारी येशूची, मेरीची, संतांची चित्रे काढून दारोदार विकतात, हे थांबवावे. मोडणाऱ्याला मालमत्ता जप्तीची आणि फटक्यांची शिक्षा सांगितली. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मसभेने तीच मनाई चर्चच्या नियमात आणली. उपासनेच्या वस्तू ख्रिस्ती माणसाने परधर्मी कारागिराकडून करवून घेऊ नयेत, असे ठरले. जो मूर्तीलाच देव मानतो त्याच्या हातून येशूची मूर्ती घडली तर ती विटाळेल, ही त्यामागची भावना.

मनाई पुढेही पुन्हा पुन्हा काढावी लागली, आणि यातच सगळे आले. पाळला जाणारा हुकूम कोणी दर पिढीला नव्याने काढत नाही. शेकड्यांनी वेद्या उभ्या राहत होत्या, प्रत्येक वेदीला मूर्ती हवी होती, श्रीमंत घरांतल्या देव्हाऱ्यांना हव्या होत्या, लिस्बनला निघालेल्या खलाशाला खासगी पेटीत घालायला हव्या होत्या. ठरल्या हंगामात गोव्याहून गलबत सुटले नाही तर वारा हुकायचा. युरोपातून आलेले मूर्तिकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग पाद्री स्वतःच कारागिराच्या हातात अँटवर्पला छापलेली कोरीव चित्रे ठेवत आणि सांगत, असे करा. फ्लँडर्समध्ये छापलेली ही चित्रे जेझुइटांबरोबर जगभर हिंडली. गोव्याच्या कोरक्याने पाहिलेले युरोप ते एवढेच, काळ्या रेघांचे, कागदावरचे.

कागदावरच्या रेघेला हस्तिदंतात आणायचे म्हणजे काय, ते जरा पाहू. सुळ्याचा मुळाकडचा भाग आतून पोकळ असतो. तिथून डब्या आणि पट्ट्या निघतात. मूर्तीला लागतो टोकाकडचा भरीव भाग. तो करवतीने तोडला की कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानींची जाळी दिसते. हाड आणि हस्तिदंत ओळखायचा तो सगळ्यांत सोपा उपाय. सुळ्याची रुंदी ठरलेली, त्यामुळे हात पसरलेला येशू एका तुकड्यात बसत नाही. धड एका सुळ्याचे, हात वेगळ्या तुकड्यांचे, खांद्यात खुंटीने बसवलेले. संग्रहालयात क्रुसावरच्या येशूच्या काखेजवळ नीट पाहिले तर केसाएवढी सांध्याची रेघ दिसते. पुष्कळ ठिकाणी ते हात गळून गेलेले आहेत आणि खांद्यात फक्त भोके राहिली आहेत. मिरवणुकीच्या मोठ्या मूर्तींना तर चेहरा आणि पंजे तेवढे हस्तिदंताचे करत, अंग लाकडाचे, वर खरे कपडे. केसांना, ओठांना, वस्त्राच्या काठाला रंग आणि सोनेरी मुलामा देत आणि अंगाचा रंग मात्र हस्तिदंताचाच ठेवत. आता मुलामा बहुतेक पुसला गेला आहे, पण झग्याच्या खोलगट चुण्यांत तो कुठे कुठे शिल्लक दिसतो.

नमुना परका असला तरी हाताला लागलेले वळण कुठे जाईल? मेरीच्या झग्याच्या चुण्या वाऱ्याने उडालेल्या दिसत नाहीत. त्या एकसारख्या अंतराने, नक्षीसारख्या पडतात. डोळे लांबट, पापण्या जड. काही बालमूर्तींच्या मानेवर वळ्या आहेत, आपल्याकडे देवाच्या मानेला शंखाची उपमा देतात तशा.

आणि मग तो मेंढपाळ. सतराव्या शतकात गोव्यात असंख्य घडलेली ही मूर्ती आहे आणि तिच्यासारखी युरोपात कुठे सापडत नाही. एक उंच डोंगर, मजल्यामजल्यांचा. शिखरावर लोकरीचे आखूड वस्त्र घातलेला, कमरेला दोरी बांधलेला सात-आठ वर्षांचा मुलगा पाय मुडपून बसला आहे. उजवा हात गालाला टेकलेला, डोळे मिटलेले. एक कोकरू मांडीवर, एक खांद्यावर. कमरेशी भोपळ्याचा तुंबा लटकतो आहे. खालच्या मजल्यावर झरा आहे, त्यावर पक्षी चोच लावून बसलेत, मेंढ्या डोंगरभर चरताहेत. अगदी तळाशी गुहेत मेरी मॅग्डालेन आडवी होऊन पुस्तक वाचते आहे. डोंगराच्या दोन्ही अंगांना बारीक भोके दिसतात. त्यांत एके काळी पानाफुलांच्या हस्तिदंती फांद्या खोचलेल्या असत, बहुतेक ठिकाणी त्या मोडून गेल्या आहेत.

चांगला मेंढपाळ ही येशूची उपमा शुभवर्तमानातली. पण तो मेंढपाळ जागा असतो, हरवलेले मेंढरू खांद्यावर घालून चालतो. गोव्याचा मेंढपाळ बसलेला आहे, लहान आहे आणि डोळे मिटून आहे. तो झोपला आहे की ध्यानात आहे, यावर कलेचे अभ्यासक बोलत आले आहेत. कोणाला त्यात बुद्ध दिसतो, कोणाला गोपाळकृष्ण. मला वाटते, कारागिराला असा काही मुद्दा मांडायचा नसावा. डोंगरावर जनावरे घेऊन बसलेले पोर म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे जे आले ते त्याने कोरले. बसलेल्या देवाची मांडी कशी घालायची, हे त्याच्या बोटांना पाठ होते. पाद्र्यालाही ते चालले, कारण ज्यांना उपदेश करायचा त्या लोकांना ते पोर ओळखीचे वाटत होते.

पाद्र्यांनी हा मार्ग शब्दांतही धरला होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, सासष्टीत राहिला, आणि येशूचे चरित्र त्याने मराठी ओवीत रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. देवळातली पुराणे ज्यांच्या कानांतून काढून घेतली होती, त्यांना पुराण पाहिजे होते, आणि ते मिळाले. ओवीतला येशू आणि हस्तिदंतातला मेंढपाळ ही मला एकाच अर्धशतकातली भावंडे वाटतात. फरक एवढाच की ओवीकाराचे नाव आपल्याला माहीत आहे, कोरक्याचे नाही.

मराठ्यांची गोवे शहराशी गाठ पडली ती १६८३ मध्ये. २४ नोव्हेंबरच्या रात्री संभाजी महाराजांच्या माणसांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. शहर तिथून हाकेवर. व्हाइसरॉय काउंट आल्व्होर दुसऱ्या दिवशी तो परत घ्यायला गेला आणि मार खाऊन, जखमी होऊन माघारी पळाला. मग त्याने झेवियरची शवपेटी उघडवली, आपला अधिकारदंड संताच्या पायाशी ठेवला आणि शहर त्याच्या हवाली केले. पुढे जानेवारीत मोगल शहजादा शाहआलम फौजेसह खाली उतरला आणि संभाजी महाराजांना वेढा सोडून मागे फिरावे लागले. ही हकिगत आपल्याकडे युद्धकथा म्हणून सांगतात. मला त्यातली ती पेटी आठवत राहते. झेवियरचा देह ज्या चांदीच्या मखरात आहे, ते १६३७ मध्ये गोव्याच्या सोनारांनी घडवले होते. मराठी फौजेपासून वाचण्यासाठी व्हाइसरॉय जिथे हात जोडून उभा राहिला, ती चांदीही इथल्याच हातांनी ठोकलेली होती.

पोर्तुगीज सत्तेला ओहोटी त्याआधीच लागली होती. १६४१ मध्ये मलाक्का आणि १६५८ पर्यंत सिंहलद्वीपातला पोर्तुगीज मुलूख डचांकडे गेला. १७३९ मध्ये वसई गेली आणि मेणवलीची घंटा आपल्याकडे आली. तरी मूर्ती घडत राहिल्या, कारण घरचे देव्हारे होते. मोठे घाव दोन बसले. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या सत्तेने जेझुइटांना आपल्या सगळ्या मुलखातून हाकलले आणि मूर्ती मागवणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. १८३४-३५ मध्ये उरलेले सगळे धर्मसंघ बरखास्त झाले, मठ रिकामे पडले. रोगराईने जुने गोवे शहर आधीच ओस पडत आले होते. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मठांतल्या मूर्ती कुठे गावच्या चर्चमध्ये, कुठे घरांत, कुठे जहाजातून बाहेर गेल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या कपाटात आज तो मेंढपाळ बसलेला आहे.

गोव्यातल्या मूर्ती एकत्र आल्या त्या फार उशिरा. १९९४ मध्ये रायतूरच्या सेमिनरीत, जिथे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले त्याच गावी, ख्रिस्ती कलेचे संग्रहालय सुरू झाले. २००२ मध्ये ते जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात आले. सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा मठ ख्रिस्ती संन्यासिनींसाठी होता. तिथल्या भिंती जाड, खिडक्या उंचावर, बाहेरचा उजेड गाळून येतो. काचेमागच्या हस्तिदंताला तो उजेड मानवतो.

नव्या मूर्ती आता होणार नाहीत, आणि ते योग्यच झाले आहे. १९८६ मध्ये आपल्या कायद्याने देशी हस्तिदंताचा व्यापार बंद केला, १९९१ मध्ये आफ्रिकेहून येणाऱ्याचाही. या कलेच्या मागे किती हत्ती मेले याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता, आणि मूर्तीकडे पाहताना तो विसरताही येत नाही. प्रत्येक सुळ्याच्या गाभ्यातून एक बारीक नस गेलेली असते, थेट टोकाच्या भरीव भागापर्यंत. सुळा उभा धरून कोरलेल्या मूर्तीत ती पायापासून डोक्यापर्यंत आरपार जाते. वरून वाकून पाहिले तर कुरळ्या केसांच्या मधोमध, जिथे सोन्याचा मुलामा उडाला आहे तिथे, टाचणीच्या डोक्याएवढा एक काळपट ठिपका दिसतो. कोरक्याने तो बुजवलेला नाही. त्याच्या भोवतीने केसांचे वळण फिरवून घेतले आहे.